मेंदूलहरींवर चालणारा गेम ऐकेनासा होतो किंवा आपोआप चालतो : तपासणी कुठून सुरू करावी

लक्षणे

ही तक्रार माझ्याकडे साधारणपणे चार रूपांत येते. हेडबँड जोडलेला असतो, ब्लूटूथचा दिवा स्थिर असतो, पडद्यावर आकडेही बदलत असतात, पण गेममधली गाडी जागची हलत नाही. हे पहिले रूप. दुसऱ्या रूपात गाडी हलते, पण खेळणाऱ्याने काहीही मनात आणले नाही तरी हलते, आणि कधीकधी हेडबँड डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला तरी थांबत नाही. तिसऱ्या रूपात पहिली पाच-दहा मिनिटे सगळे व्यवस्थित चालते आणि मग हळूहळू ताबा सुटत जातो. चौथे रूप सर्वांत जास्त मनस्ताप देणारे आहे: वसतिगृहाच्या खोलीत उत्तम चाललेला गेम प्रदर्शनाच्या सभागृहात, परीक्षकांसमोर, अजिबात चालत नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत काम करते आणि गेली काही वर्षे अंतिम वर्षाच्या प्रकल्पगटांची हीच तक्रार दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताळत आले आहे. साधने वेगवेगळी असतात: कपाळावर एकच संवेदक टेकणारा माइंडवेव्ह, चार संवेदकांचा म्यूझ, ओपनबीसीआयचे गँग्लियन किंवा सायटन हे बोर्ड, आणि अलीकडे आर्डुइनोला जोडलेले बायोॲम्प ईएक्सजी पिल हे संकेत मोठा करणारे छोटे बोर्ड. साधन कोणतेही असो, गट माझ्याकडे येतो तेव्हा त्याने प्रोग्राम दोन-तीनदा नव्याने लिहिलेला असतो, आणि दोष मात्र बहुतेक वेळा प्रोग्राममध्ये नसतो. तो टाळू आणि इलेक्ट्रोड (संवेदकाचे कातडीला टेकणारे टोक) यांच्यामधल्या अगदी बारीक फटीत असतो, नाहीतर खोलीतल्या वीजजोडणीत असतो. त्यामागचे कारण साधे आहे. टाळूवर मिळणारा मेंदूचा संकेत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो आणि भिंतीतला वीजपुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे संकेत ५० मायक्रोव्होल्टचा धरला तर त्याच्या ४६ लाख पट. एवढ्या तफावतीत संपर्क जरासा सैल झाला तरी मेंदूचा संकेत बुडतो आणि विजेची घरघर तेवढी उरते.

आधी कच्ची लहर पाहा

गेम बंद करा आणि साधनासोबत मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये कच्ची लहर उघडा. एकाग्रतेचा आकडा, रंगीत पट्ट्या, फिरणारी चक्रे यांपैकी काहीही पाहू नका, कारण ती सगळी कच्च्या लहरीवरून काढलेली गणिते आहेत आणि गणित कचऱ्यावरही तितक्याच सुबकपणे होते. आता एक मिनिट डोळे उघडे ठेवून आणि एक मिनिट मिटून शांत बसा. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची, बहुतेक प्रौढांमध्ये १० च्या आसपासची, अल्फा लहर वर येते आणि डोळे उघडताच ती दबते. जर्मनीतील येना येथे काम करणाऱ्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूलहरींवरचा पहिला लेख १९२९ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही लहर मेंदूचा संकेत खरोखर मिळतो आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण आहे. वारंवारतेच्या आलेखात १० हर्ट्झपाशी (म्हणजे सेकंदाला १० आवर्तनांपाशी) उंचवटा आला आणि डोळे उघडल्यावर तो खाली बसला, तर टाळूपासून संगणकापर्यंतचा मार्ग ठीक आहे असे समजून तुम्ही थेट खाली ‘गेम मेंदूने चालतो की जबड्याने’ या भागापासून पुढे वाचू शकता. उंचवटा आला नाही, तर तो येईपर्यंत गेमला हात लावू नका.

काही निरोगी माणसांची अल्फा लहर मुळातच बारीक असते, त्यामुळे निष्कर्ष काढण्याआधी ही चाचणी किमान दोघांवर करा. शिवाय संवेदक फक्त कपाळावर असेल, तर तिथे ही लहर फिकी दिसते. अशा साधनावर तिच्याऐवजी पापण्यांची चाचणी घ्यावी: ठरवून पाच वेळा डोळे मिचकावा आणि पडद्यावर बरोबर पाच ठसठशीत उंचवटे येतात का ते मोजा. सहा आले किंवा चारच आले, तर संपर्क तुटक आहे.

पैसे न खर्चता करायच्या गोष्टी

लॅपटॉपचा चार्जर काढा. नुसते बटण बंद करू नका, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. स्वस्त चार्जरमधून थोडी वीज लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर उतरत असते. पावसाळ्यात अनवाणी पायांनी लॅपटॉपला हात लावल्यावर जी मुंग्यांसारखी जाणीव होते ती याचीच. ज्या सॉकेटला अर्थिंग नाही तिथे हे जास्त होते, आणि संवेदकाची तार यूएसबीतून थेट लॅपटॉपला जोडलेली असेल तर ही गळती डोक्यापर्यंत पोहोचते. म्हणून डोक्यावर इलेक्ट्रोड असताना लॅपटॉप बॅटरीवरच चालला पाहिजे. लहर स्वच्छ व्हावी हे त्याचे दुसरे कारण आहे. पहिले कारण माणसाची सुरक्षितता आहे, आणि या बाबतीत मी कोणत्याही गटाला सवलत देत नाही.

त्यानंतर नॉच फिल्टर पाहा. विजेची घरघर कापणाऱ्या या फिल्टरला कोणती वारंवारता कापायची ते सांगावे लागते. अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे, त्यामुळे तिकडे तयार झालेल्या अनेक प्रोग्राममध्ये ६० हा आकडा आधीच निवडलेला असतो. आपल्याकडे तो ५० करावा लागतो. हे करायला अर्धे मिनिट लागते आणि दरवर्षी निदान एका गटाचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. मात्र नॉच फिल्टर ही मलमपट्टी आहे. संपर्क इतका वाईट असेल की संकेत मोठा करणाऱ्या प्रवर्धकाची मर्यादाच ओलांडली जाते आणि लहरीचे माथे सपाट कापले जातात, तर पुढे कोणताही फिल्टर तो संकेत परत आणू शकत नाही.

वीज गेली आणि खोली इन्व्हर्टरवर असेल, तर तेवढा वेळ चाचणी थांबवा. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध गोलाईची लहर देत नाहीत, ती जवळजवळ चौकोनी असते, आणि चौकोनी लहरीत ५० हर्ट्झसोबत १५०, २५० अशा विषम पटीही मिसळलेल्या असतात. आर्डुइनोवर सेकंदाला २५६ नमुने (म्हणजे लहरीची २५६ मोजमापे) घेणाऱ्या साध्या मांडणीत यापैकी २५० हर्ट्झची घरघर २५६ वजा २५०, म्हणजे ६ हर्ट्झची असल्यासारखी दिसते, आणि ६ हर्ट्झ हे पेंगुळल्यावर वाढणाऱ्या थीटा लहरींच्या पट्ट्यात येते. विद्यार्थी समजतो की मेंदू झोपाळला आहे; प्रत्यक्षात तो इन्व्हर्टर मोजत असतो. पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा जुना चोक आणि पायाखालून गेलेली एक्स्टेन्शनची वायर यांचेही तसेच आहे. एकेक बंद करून लहर पाहा, आणि जमले तर खुर्ची भिंतीपासून मीटर-दीड मीटर दूर ओढा. प्रदर्शनाच्या सभागृहात गेम बिघडण्याचे हे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण आहे, कारण तिथे प्रत्येक टेबलाखालून एक वायर गेलेली असते. आदल्या दिवशी जागेवर जाऊन दोन मिनिटांची लहर नोंदवून पाहिली, तर टेबल बदलून मागायला वेळ मिळतो.

शेवटी बॅटरी. साधनातल्या बॅटरीचा दाब उतरू लागला की ब्लूटूथ आधी अडखळते आणि लहरीत उड्या दिसतात. नवी बॅटरी घालून पाहणे कुठलाही तर्क करण्यापेक्षा स्वस्त पडते.

तेल, टिकली आणि कानातले

गेल्या वर्षी एक मुलगी आपल्या गटासोबत आली होती. तिच्या गटातल्या मुलांवर गेम चालत होता आणि तिच्यावर चालत नव्हता, आणि तिने मनाशी जवळजवळ ठरवून टाकले होते की आपल्या मेंदूतच काही कमी आहे. मी तिच्या मागे उभी राहिले तेव्हा वेणीला खोबरेल तेलाचा वास येत होता. तेल विजेला अडवते. केसांच्या मुळाशी त्याचा पातळ थर असला तरी कोरड्या इलेक्ट्रोडचा संपर्क तुटल्यासारखाच होतो. शिवाय कानाच्या पाळीला लावायची चिमटी तिने कुडीच्या मळसूत्रावर बसवली होती, त्यामुळे चिमटीचा अर्धा भाग धातूवर आणि अर्धा हवेत होता. ही चिमटी हा तुलनेचा बिंदू असतो: कपाळावरचा विद्युतदाब कानाच्या तुलनेत मोजला जातो, त्यामुळे कान हलला की सगळेच हलते. दुसऱ्या दिवशी ती तेल न लावता, केस नुसत्या शाम्पूने धुऊन आणि कंडिशनर टाळून आली. आम्ही कुडी काढली, पाळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, चिमटी मांसल भागावर बसवली आणि तिला डोळे मिटायला सांगितले. पाच सेकंदांत पडद्यावर एकसारखी दातेरी लहर सुरू झाली. डोळे उघडल्यावर ती लहर दबताना तिने स्वतः पाहिली, आणि मग पुन्हा मिटून, पुन्हा उघडून, चार वेळा खात्री करून घेतली.

तेव्हा या क्रमाने पाहा. कपाळावरची टिकली, गंध, अष्टगंध, चेहऱ्याचे क्रीम आणि सनस्क्रीन पुसून काढा. माइंडवेव्हसारख्या साधनाचा संवेदक डाव्या भुवईच्या वर टेकतो, आणि नेमकी तिथेच क्रीमची बोटे फिरलेली असतात. कानातले काढा. केस दाट असतील तर इलेक्ट्रोडच्या जागी कंगव्याच्या टोकाने भांग पाडा, म्हणजे इलेक्ट्रोड केसांवर न तरंगता कातडीला टेकेल. कोरडा इलेक्ट्रोड बसवल्यानंतर दोन-तीन मिनिटे थांबा, कारण त्याखाली किंचित घाम जमला की संपर्क आपोआप सुधारतो. माइंडवेव्ह स्वतःच संपर्काचा दर्जा ० ते २०० अशा आकड्यात सांगतो: ० म्हणजे उत्तम आणि २०० म्हणजे कातडीशी संपर्कच नाही. हा आकडा ० नसताना आलेली एकाग्रतेची मूल्ये गेममध्ये वापरूच नयेत. प्रोग्राममध्ये ही एक अट घातली तरी टेबलावर ठेवलेल्या हेडबँडने गाडी चालणे बंद होते.

घाम थोडा असेपर्यंत मदत करतो, जास्त झाला की उलटतो. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवून चाचणी केली की लहर संथपणे वर-खाली डोलू लागते, आणि ‘पहिली दहा मिनिटे चालते, मग सुटते’ या तिसऱ्या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथे असते. खोली गार ठेवा, मध्ये कपाळ टिपून घ्या, आणि १ हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा फिल्टर चालू आहे ना ते पाहा.

ओल्या इलेक्ट्रोडचे दुखणे याच्या उलट असते. फेल्टचे बोळे मिठाच्या पाण्यात भिजवून वापरायच्या साधनांत अर्ध्या तासात बोळे वाळतात. सोबत लहान पिचकारी ठेवून पुन्हा ओले करावे लागतात. पाणी ओघळून दोन शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले गेले तर दोन्ही वाहिन्यांवर हुबेहूब एकच लहर दिसते, आणि ही खूण एकदा ओळखता आली की विसरत नाही. पेस्ट लावून बसवायच्या कपासारख्या इलेक्ट्रोडवर, विशेषतः पावसाळ्यानंतर, हिरवट किंवा काळपट डाग आलेले दिसले, तर ते इलेक्ट्रोड बदला. घासून चकचकीत करण्याचा मोह टाळा, कारण चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा वरचा थर हाच त्या इलेक्ट्रोडचा उपयोगी भाग असतो आणि घासल्याने तोच निघून जातो. वापर झाल्यावर पेस्ट लगेच कोमट पाण्याने धुऊन इलेक्ट्रोड सावलीत वाळवले, तर ही वेळ बरीच लांबते.

गेम मेंदूने चालतो की जबड्याने

संपर्क नीट झाल्यावरही एक तपासणी प्रत्येकाने करावी असा माझा आग्रह असतो, जरी गेम व्यवस्थित चालत असला तरी. जबडा, कपाळ आणि मान यांच्या स्नायूंतून निघणारा विद्युत्संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि साधारण २० हर्ट्झपासून काहीशे हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. बीटा लहरी, म्हणजे १३ ते ३० हर्ट्झचा पट्टा, वाढल्या की गाडीला वेग द्यायचा असा गेम लिहिला असेल, तर दातावर दात दाबताच गाडी सुसाट सुटते. खेळणाऱ्याला हे कळतही नाही, कारण जोर लावून एकाग्र होताना आपण सगळेच नकळत दात आवळतो आणि भुवया आक्रसतो.

एका मुलाचा गेम इतका अचूक चालत होता की त्याचे सहकारी टाळ्या वाजवत होते. मी त्याला ओठ मिटलेले ठेव, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकू देऊ नकोस, कपाळ सैल सोड आणि मग तसेच एकाग्र हो, असे सांगितले. गाडी थांबली. ‘मॅडम, म्हणजे हे सगळे दातांनीच चालले होते का?’ असे त्याने विचारले, आणि मला हो म्हणावे लागले. त्याचे काम वाया गेले नाही. स्नायूंच्या संकेतावर चालणारा गेम हा प्रामाणिक प्रकल्प होऊ शकतो, फक्त त्याला तसे नाव द्यावे लागते. पण हे साधन ज्यांच्यासाठी शेवटी तयार व्हायला हवे, त्यांच्यातल्या काहींचे चेहऱ्याचे स्नायूही त्यांच्या ताब्यात नसतात. झुरिकजवळ २०१६ साली झालेल्या सायबॅथलॉन स्पर्धेत मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या खेळाडूंनी ईईजीची, म्हणजे टाळूवरून मेंदूलहरी टिपणारी, टोपी घालून पडद्यावरच्या पात्रांची शर्यत खेळली. अशा माणसाच्या हाती आपण दातांनी चालणारा गेम मेंदूचा म्हणून ठेवणे मला पटत नाही.

आणखी एक चाचणी बिनखर्चाची आहे. एक दुधी भोपळा ओल्या फडक्यात गुंडाळा आणि हेडबँड त्याच्यावर चढवा. ओलाव्यामुळे साधनाला कातडीचा संपर्क मिळाल्यासारखे वाटते. भोपळ्यावरही एकाग्रतेचा आकडा वर-खाली होत असेल आणि गाडी चालत असेल, तर तुमचा गेम खोलीतल्या विजेच्या गोंगाटावर चालतो आहे आणि तुम्हाला मागच्या दोन भागांकडे परत जावे लागेल. दर सत्राच्या सुरुवातीला ही चाचणी करणाऱ्या गटांचे पुढचे काम सोपे झालेले मी पाहिले आहे.

ब्लूटूथ आणि वेळेचा हिशेब

कच्ची लहर स्वच्छ आहे, दात सैल आहेत, तरीही गेम उशिरा ऐकतो किंवा मध्येच गोठतो, अशा वेळी वाटेत हरवणारे नमुने शोधा. सायटनकडून येणाऱ्या नमुन्यांच्या प्रत्येक पाकिटाला ० ते २५५ असा क्रमांक असतो. नोंदवलेल्या फाइलमध्ये हे क्रमांक सलग आहेत का ते पाहिले की गळती लगेच कळते. ब्लूटूथ आणि अनेक वायफाय राउटर दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि माणसाचे शरीरही ही वारंवारता शोषून घेते. म्हणून संकेत पकडणारा यूएसबीचा डोंगल लॅपटॉपच्या मागे खुपसून ठेवू नका. लहानशा एक्स्टेन्शन वायरने तो टेबलावर, संवेदकाच्या समोर आणा. ज्या डोंगलमध्ये एफटीडीआयची चिप असते त्याच्या ड्रायव्हरमध्ये विंडोजवर ‘लेटन्सी टायमर’ मुळात १६ मिलिसेकंद असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो १ करा. त्याने नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने न येता सलग येऊ लागतात.

एकाग्रतेचा तयार आकडा वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की माइंडवेव्ह तो आकडा सेकंदातून एकदाच देतो. उडी मारून खड्डा चुकवायचा गेम त्यावर कधीच नीट चालणार नाही, आणि तो दोष साधनाचा नाही. वस्तू हळूहळू उचलणे, दिवा उजळवणे, होडी पुढे सरकवणे असे संथ गेम निवडा.

लुकलुकणाऱ्या चौकोनांकडे पाहून दिशा निवडायच्या गेमची अडचण वेगळी असते. पडद्यावरचा चौकोन सेकंदाला १० वेळा लुकलुकला की डोक्याच्या मागे, दृष्टीच्या भागावर, १० हर्ट्झची लहर उमटते. पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर नेमकी लुकलुक ६० ला पूर्ण भागणाऱ्या आकड्यांचीच मिळते, जसे ६, ७.५, १०, १२, १५. गटाने १३ हर्ट्झ लिहिलेले असते आणि पडदा ते अडखळत दाखवतो. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप पडद्याचा वेग कमी करतो तेव्हाही असेच होते. तपासायला मोबाइल पुरतो: २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चौकोनाचे चित्रण करा आणि एका लुकलुकीला किती फ्रेम लागतात ते मोजा. १० हर्ट्झला प्रत्येक वेळी २४ लागायला हव्यात. कधी २४, कधी २८ येत असतील, तर गेमची सजावट कमी करा. अनपेक्षित चित्र दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटणाऱ्या पी३०० संकेतावरचे गेम वेळेबाबत याहून काटेकोर असतात, कारण सेकंदाला २५० नमुन्यांच्या साधनात प्रत्येक नमुना ४ मिलिसेकंदांचा असतो आणि चित्र कधी दाखवले याची नोंद ५० मिलिसेकंद मागेपुढे झाली, तरी सरासरी काढताना तो उंचवटा पसरून जातो.

सराव, प्रशिक्षण आणि खरी अचूकता

इथून पुढची कामे वेळखाऊ आहेत. उजवा किंवा डावा हात हलवल्याची कल्पना करून चालवायच्या गेममध्ये सी३ आणि सी४ या डोक्याच्या अनुक्रमे डाव्या आणि उजव्या बाजूच्या जागांवरची ८ ते १३ हर्ट्झची म्यू लहर पाहिली जाते. डाव्या हाताची कल्पना केली की ती उजव्या बाजूला, म्हणजे सी४ वर, दबते. टोपी बोटभर सरकली की या लहरी ओळखायला प्रोग्रामला काल दिलेले प्रशिक्षण आज लागू पडत नाही, त्यामुळे प्रत्येक सत्रात त्याला नव्याने प्रशिक्षण द्या. टोपी दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने माप घ्या आणि मध्यबिंदूवर टोपीचा मधला इलेक्ट्रोड आणा.

नोंदवलेल्या माहितीवर ९५ टक्के अचूकता आणि गेममध्ये मात्र नाणेफेक, अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी पाहा. एकाच प्रयत्नाचे तुकडे शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गटांत वाटले गेले असतील, तर तो आकडा खोटा असतो. आणि नोंदीवर मागे-पुढे दोन्ही दिशांनी चालणारा फिल्टर वापरला असेल, तर गेममध्ये तो शक्यच नसतो, कारण पुढचा क्षण अजून आलेला नसतो. तेव्हा प्रशिक्षणही एकाच दिशेने चालणाऱ्या फिल्टरवर करा. अचूकता तपासताना प्रयत्नही पुरेसे घ्या. दोनच पर्याय असतील तर २० पैकी १४ किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते. अशा १४ गुणांवर पेढे वाटू नयेत.

सगळे बरोबर असूनही एखाद्याला कल्पनेवर चालणारा गेम जमत नाही. अभ्यासांत साधारण १५ ते ३० टक्के लोकांच्या बाबतीत असे आढळते आणि त्याचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. हात हलताना ‘दिसतो आहे’ अशी कल्पना करण्यापेक्षा मूठ आवळल्याची जाणीव, ओल्या कपड्याला पीळ देतानाचा ताण, मनात आणायला सांगा; बऱ्याच जणांना याने फरक पडतो. तरीही जमले नाही तर पी३०० किंवा लुकलुकणाऱ्या चौकोनांचा गेम देऊन पाहा, पण त्याआधी खालचा भाग वाचा.

कुठे थांबावे

बोर्डावर संशय असेल तर घरी करण्यासारखी शेवटची तपासणी अशी: इलेक्ट्रोड डोक्यावरून काढा, सर्व आत येणाऱ्या तारा आणि तुलनेची तार छोट्या चिमट्यांनी एकत्र जोडा आणि लहर पाहा. चांगल्या बोर्डावर एक-दोन मायक्रोव्होल्टची जवळजवळ सपाट रेघ दिसते. इथेही मोठी लहर दिसली तर बोर्ड उत्पादकाकडे किंवा जाणकार तंत्रज्ञाकडे पाठवा. माणसाला जोडायच्या यंत्रातले विलगीकरण, म्हणजे माणसाला विजेपासून वेगळे ठेवणारी रचना, स्वतः डाग देऊन दुरुस्त करू नका. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर साधन चार्ज करणे त्याच क्षणी बंद करा.

इलेक्ट्रोडखाली चटका, मुंग्या किंवा झटका जाणवला तर आधी साधन काढा, मग कारण शोधा, आणि सॉकेटचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घेईपर्यंत त्या खोलीत प्रयोग करू नका.

लुकलुकणारे गेम फिट येण्याचा इतिहास असलेल्या माणसाला देऊ नयेत, आणि घरात कुणाला तसा त्रास असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका कार्टून मालिकेत लाल-निळ्या प्रकाशाची सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुक दाखवली गेली आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. आपल्या गेममधल्या वारंवारता त्याच पट्ट्यातल्या आहेत. खेळताना कुणाला मळमळ, डोळ्यांपुढे विचित्र आकार किंवा हाताला झटके जाणवले तर गेम थांबवून डॉक्टरांकडे न्या.

कच्च्या लहरीत काही वेगळे, टोकदार, वारंवार येणारे दिसले म्हणून स्वतः निदान करू नका आणि समोरच्याला घाबरवूही नका. एक ते आठ इलेक्ट्रोडचे हे साधन निदानासाठी नाही. शंका राहिलीच तर मज्जाविकारतज्ज्ञांकडे रीतसर ईईजी करून घ्यावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे साधन वापरत असाल, तर टाळूवर लाली किंवा व्रण दिसताच थांबा आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांशी बोलून मगच पुढे जा.

मदत मागायची असेल तर प्रोग्रामचा फोटो पाठवू नका. दोन मिनिटांची कच्ची नोंद पाठवा, पहिले मिनिट डोळे उघडे, दुसरे मिटलेले, आणि सोबत चार गोष्टी लिहा: लॅपटॉप चार्जरवर होता का, खोली इन्व्हर्टरवर होती का, नॉच फिल्टर कितीवर होता, आणि केसांना शेवटचे तेल कधी लावले होते.